करंडकाचे चाकरमानी

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचा एखादा मुलगा उद्या रणजी करंडकात खेळू लागला, तर तो कोणत्या संघाकडून खेळेल? कागदावर उत्तर सरळ आहे. रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो, म्हणून मुलगा महाराष्ट्राचा. पण उमरठचा किंवा महाडच्या आसपासच्या कुठल्याही गावाचा कर्ता पुरुष गेली दीडशे वर्षे पोट भरायला पुण्याला कमी आणि मुंबईला जास्त गेला आहे. आधी दासगावच्या बंदरातून बोटीने, नंतर एसटीने आणि आता मुंबई-गोवा महामार्गावरच्या मिळेल त्या गाडीने. त्याचा मुलगा क्रिकेट शिकलाच तर लालबागच्या गल्लीत किंवा ठाण्याच्या मैदानावर शिकतो आणि गावचे नाव लावूनही मुंबईचा होतो. रणजी करंडकाकडे आपण प्रांताप्रांतांची स्पर्धा म्हणून पाहतो. त्याचा नव्वद वर्षांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. हा करंडक जन्मगावाचा कधीच नव्हता, तो चाकरीच्या गावाचा आहे. ज्याने माणसाला कामावर ठेवले, घर दिले, सरावाला वेळ दिला, त्याच्या नावाने माणूस खेळला, आणि ज्याच्याकडे अशी माणसे जास्त त्याच्याकडे करंडक गेला.

ज्याच्या नावाने करंडक आहे त्याच्यापासूनच सुरुवात करणे बरे. रणजितसिंहजी काठेवाडातले, नवानगरचे जामसाहेब. पण क्रिकेटपटू म्हणून त्यांची सारी कीर्ती ससेक्स या इंग्लिश परगण्याची आणि इंग्लंड देशाची. 1896 मध्ये मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत त्यांनी नाबाद 154 धावा काढल्या. पुढे एकूण 15 कसोट्या खेळले, सगळ्या इंग्लंडकडून. ससेक्सला ते जन्माने लागत नव्हते, वास्तव्याने लागत होते. तिथे राहिले म्हणून तिथले झाले. भारतातल्या क्रिकेटसाठी त्यांनी हाताशी असलेल्या साधनांच्या मानाने फारच थोडे केले, अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली आणि ती गैर नाही. 1933 च्या एप्रिलमध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा करंडक निघाला. भारताच्या राष्ट्रीय स्पर्धेला भारताकडून एकदाही न खेळलेल्या माणसाचे नाव, हा विरोधाभास वाटतो खरा. पण राहत्या ठिकाणावरून संघ ठरण्याचा न्याय रणजींनी स्वतःच्या आयुष्यात वापरलेला होता, हे ध्यानात घेतले तर या स्पर्धेला याहून समर्पक नाव मिळाले नसते.

करंडकाची जन्मकथा सिमल्यातली आहे. 1928 च्या अखेरीस क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि त्याचे चिटणीस अँथनी डिमेलो यांनी 1934 च्या उन्हाळ्यात तिथल्या बैठकीत राष्ट्रीय स्पर्धेची योजना मांडली. सोबत एका चित्रकाराकडून करून घेतलेले करंडकाचे चित्र होते: ग्रीक घाटाचा, दोन फूट उंचीचा कलश आणि त्याच्या झाकणावर लॉर्ड्‌सच्या वातकुक्कुटावर आहे तसा दाढीवाला काळपुरुष. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी पाचशे पौंडांचा सोन्याचा करंडक द्यायचे तिथल्या तिथे कबूल केले आणि त्याला रणजींचे नाव सुचवले. विजयानगरमचे महाराजकुमार ऊर्फ विझी यांनी त्याविरुद्ध व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्या नावाच्या करंडकाचा घाट घातला. दोन संस्थानी अहंकारांची ती झटापट होती आणि तीत पतियाळाची सरशी झाली. त्या मानापमानात फार शिरण्याचे कारण नाही. एवढेच पाहायचे की करंडक जन्मला तो दरबारी माणसांच्या हातांत, आणि खेळाडू पदरी बाळगणे हा त्या माणसांचा जुना शौक होता.

4 नोव्हेंबर 1934 रोजी मद्रासच्या चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात पहिला सामना सुरू झाला आणि त्याच दिवशी संपला. ए. जी. रामसिंग यांनी दोन्ही डावांत मिळून 11 बळी घेतले. त्या पहिल्या वर्षी उतरलेल्या संघांची यादी वाचली की प्रांतांच्या स्पर्धेची कल्पना किती तकलादू होती हे कळते. एकट्या मुंबई इलाख्यातून मुंबई, महाराष्ट्र, गुजरात आणि सिंध असे चार संघ आले. भाषा हा निकष धरावा तर मुंबईच्या संघात मराठी, गुजराती, पारशी असे सगळेच होते, आणि मराठी मुलूख मुंबई, महाराष्ट्र आणि मध्य प्रांत-वऱ्हाड यांत विभागला गेला होता. राज्यकारभार धरावा तर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा मुंबईशी संबंध पुण्याहून जवळचा होता. जिथे मैदान, क्लब आणि त्यांना पोसणारा कुणी होता तिथे संघ उभा राहिला. मधली रिकामी जागा मग हद्दीच्या रेषेने कुणाच्या तरी पदरात टाकली गेली. महाडजवळच्या सावित्री नदीच्या खोऱ्यातली गावे अशा रिकाम्या जागेतच येत होती.

या स्पर्धेआधी मुंबईत जे गाजत होते ते धर्मावर उभे होते. 1892 पासून युरोपियन विरुद्ध पारशी, 1907 पासून हिंदू, 1912 पासून मुसलमान, आणि 1937 पासून ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांचा ‘रेस्ट’ संघ: अशी ती स्पर्धा पंचरंगी झाली. तिला लोटणारी गर्दी रणजीच्या सामन्यांना स्वप्नातही मिळत नसे. पंचरंगीच्या बाजूने एक युक्तिवाद तेव्हापासून केला जातो आणि त्यात तथ्य नाही असे नाही. लोक प्रेमाने ज्या संघाच्या मागे उभे राहतात तोच खरा संघ. रणजीचे संघ समित्यांनी कागदावर आखलेले, त्यांच्यासाठी कुणाचे काळीज हलत नाही. मैदानावर हिंदू-मुसलमान एकमेकांच्या फटक्यांना टाळ्या देत, हेही खरे. 1944 च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदूंना एका गड्याने हरवले, तेव्हा दंगल झाली नाही.

पण पंचरंगीतले हे आपलेपण कुणापुरते होते, याची साक्ष पाळवणकर बाळू देतात. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात आधी मैदानावरच्या कामाला होता. पुढे गोऱ्यांच्या जिमखान्यात साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणे ही त्याची नोकरी झाली. हिंदूंना त्याची फिरकी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा असे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी मिळवले. त्या दौऱ्याचे कर्णधार होते तरुण भूपिंदरसिंग, म्हणजे पुढे सोन्याचा करंडक देणारे तेच पतियाळाकर. इतके होऊन बाळूला हिंदूंचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. मोठ्या वादानंतर 1923 मध्ये ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. त्यानंतर चारच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यावरून गावात काय उसळले ते सर्वांना ठाऊक आहे. धर्माच्या नावाने संघ बांधला की जातीची उतरंड त्याच्या आत शिरतेच, हे हिंदू जिमखान्याच्या पॅव्हेलियनमध्ये आणि महाडच्या तळ्याकाठी एकाच दशकात दिसले. आणि बाळूला जी काही जागा मिळाली ती धर्मबंधूंच्या ममतेने मिळाली नाही. आधी जिमखान्याच्या नोकरीने त्याच्या हातात चेंडू दिला, पुढे मुंबईत रेल्वेच्या नोकरीने त्याला स्थैर्य दिले. धर्माच्या स्पर्धेतसुद्धा माणूस वर आला तो चाकरीच्या शिडीने.

1940 च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचे मत विचारायला गेली, तेव्हा खेळात जमातवार संघ असू नयेत असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तरी पंचरंगी आणखी काही वर्षे रेटली गेली आणि 1946 मध्ये थांबली. तोवर संस्थानिकांनी रणजी करंडकाची सूत्रे हाती घेतली होती. नवानगरने 1936-37 मध्ये पहिल्याच प्रयत्नात करंडक नेला. संघात अमरसिंग आणि विनू मंकड होते आणि कर्णधार होता बर्ट वेन्सली, ससेक्सचा पगारी खेळाडू. 1938-39 मध्ये बंगाल जिंकले ते लाँगफील्ड या इंग्रजाच्या नेतृत्वाखाली. होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना 1923 मध्येच इंदूरला बोलावून सैन्यात हुद्दा दिला होता. त्या होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा करंडक जिंकला. कळस 1944-45 च्या अंतिम सामन्यात झाला. महूच्या छावणीत लष्करी कामावर असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद 249 धावा करून बसला. इंग्लंडचा सैनिक, इंदूरचा संघ, मुंबईचे मैदान आणि पुरस्कार काठेवाडच्या राजाच्या नावाचा. या चित्रात प्रांत शोधायचा कुठे?

यावर मराठी वाचक पटकन एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यावाच. 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने करंडक जिंकला, तोही पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातल्या संस्कृतच्या प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली. दिनकर बळवंत देवधर तेव्हा पन्नाशीला टेकले होते. 48 व्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध 246 धावा ठोकल्या. या संघामागे महाराजा नव्हता, गिरणी नव्हती. शाळा-महाविद्यालये आणि क्लबांतून वर आलेली ही मुले होती. मग चाकरीचा सिद्धान्त इथे लागू पडतो का? पडतो, पण देवधरांच्या विजयात नव्हे. त्यानंतर जे झाले त्यात पडतो. त्या विजयी संघाचा कणा होते सांगलीचे विजय हजारे. बडोद्याविरुद्ध पुण्यात त्यांनी नाबाद 316 धावा केल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. दोनच वर्षांत हजारे बडोदा संस्थानाच्या नोकरीत गेले आणि उरलेली कारकीर्द त्याच बडोद्यासाठी खेळले. 1946-47 च्या अंतिम सामन्यात होळकरांविरुद्ध त्यांनी गुल महंमदबरोबर 577 धावांची भागी रचली, तेव्हा करंडक बडोद्याला गेला. डिसेंबर 1948 मध्ये कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनच्या 452 ला नऊ धावा कमी असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडला, ही हकिकत मराठी माणूस अजून तळतळून सांगतो. हेच निंबाळकर पुढे होळकरांकडे आणि नंतर रेल्वेकडे गेले. पुण्याकडे माणसे घडवण्याची ताकद होती, माणसे राखण्याची नव्हती. 1941 नंतर महाराष्ट्राने करंडक एकदाही जिंकलेला नाही. 1970-71, 1992-93 आणि 2013-14 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून तो परत आला. यांतला 1970-71 चा सल सगळ्यांत मोठा, कारण मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर तेव्हा वेस्ट इंडिजमध्ये होते आणि मुंबईच्या उरलेल्या खेळाडूंनी महाराष्ट्राला हरवले. ज्या शहराच्या उरलेल्यांतूनही विजेता संघ निघतो, ते शहर माणसे कुठून आणते, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईने 1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 वर्षे करंडक घरी ठेवला. याचे श्रेय शिवाजी पार्क, दादर, हिंदू कॉलनी, 1948 पासून चालणारी पावसाळी कांगा लीग आणि मुंबईकरांचा खडूसपणा यांना देण्याची रीत आहे. या गोष्टी खऱ्याच, पण त्यांच्यामागे पगाराचे पाकीट होते. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये, सरदेसाई एसीसीत. कार्यालयांच्या टाइम्स शील्ड स्पर्धेसाठी कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत आणि सरावाला सोडत. दिलीप सरदेसाई मडगावचे. त्यांच्या काळात गोव्याला रणजी संघच नव्हता, तो आला 1985-86 मध्ये. मुंबई नसती तर त्यांचे क्रिकेट कुठे मुरले असते?

कोकणाला याहून जवळचा दाखला दत्ताराम हिंदळेकरांचा आहे. रत्नागिरीचा शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी, मुंबईचा यष्टिरक्षक आणि 1936 व 1946 अशा दोन इंग्लंड दौऱ्यांवर भारताचा यष्टिरक्षक. 1946 च्या मँचेस्टर कसोटीत शेवटची जोडी म्हणून रंगा सोहोनींबरोबर उभे राहून त्यांनी सामना वाचवला. 1949 मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते गेले. हिंदळेकरांचा प्रवास आणि उमरठहून गोदीत किंवा गिरणीत गेलेल्या माणसाचा प्रवास यांत फरक केवढा? यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांचा. बाकी बंदर तेच, चाळ तीच. मुंबईच्या त्या 15 वर्षांना निव्वळ शहरी गुणवत्तेची फळे म्हणणे म्हणजे ज्या खेड्यांनी शहराला माणसे पुरवली त्यांचा वाटा बुडवणे.

कुणी म्हणेल, चाकरीच्या गावाकडून खेळणे ही स्पर्धेची विकृती आहे, तिच्यामुळे दुबळ्या भागांचे दुबळेपण कायम राहिले. हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली पोरे पुण्याच्या निवड चाचणीला जायचे तर घाट चढून जावे लागते, आणि निवडीआधीच कित्येकजण मुंबईत नोकरीला लागलेले असतात. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खानदेखील महाराष्ट्राच्या हाती लागला नाही. तो बडोद्याकडून उतरला आणि 2000-01 चा करंडक बडोद्याला मिळवून द्यायला त्याचा हात होता. पण उपाय म्हणून ‘जन्मला तिथूनच खेळ’ असा नियम केला असता तर काय झाले असते? झहीरसाठी, सरदेसाईंसाठी, हिंदळेकरांसाठी दरवाजा बंद झाला असता. ज्या गावात मैदान नाही तिथल्या माणसाला त्याच्या गावाशी बांधणे ही निष्ठा नव्हे, ती शिक्षा आहे. धर्माच्या संघांतून माणूस बाहेर पडू शकत नव्हता. बाळू कितीही बळी घेऊनही ज्या जातीचा होता त्याच जातीचा राहिला. चाकरीच्या संघातून माणूस निघू शकतो, दुसरीकडे जाऊ शकतो. रणजी करंडकाचे पंचरंगीवरचे श्रेष्ठत्व मला यात दिसते. राष्ट्रैक्याची भाषणे नंतरची.

उमरठसारख्या गावाला तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. ज्या तानाजी मालुसऱ्यांची समाधी इथे आहे, त्यांचे घराणे मूळ जावळीतल्या गोडवलीचे मानले जाते. घर उमरठला, चाकरी स्वराज्याची, आणि 1670 मध्ये मरण कोंढाण्यावर. शेजारच्या महाड तालुक्यातले फौजी आंबवडे घराघरातून सैन्यात माणूस पाठवणारे गाव म्हणून ओळखले जाते. त्या गावच्या एखाद्या जवानाला क्रिकेट येत असेल तर तो सेनादलाच्या संघाकडून रणजी खेळेल, आणि त्याच्या गावाला त्यात वावगे वाटणार नाही. सेनादल आणि रेल्वे हे दोन संघ तर उघडउघड मालकाच्या नावाचे. त्यांना भूगोलच नाही. रेल्वेने 2001-02 आणि 2004-05 मध्ये करंडक जिंकला तेव्हा त्यांच्या विजयाला कुणी कमअस्सल म्हटले नाही.

एकदाच या जुन्या नकाशाला सरळ रेषेत बसवण्याचा मोठा प्रयत्न झाला. न्या. लोढा समितीने एका राज्याला एकच मत असावे अशी शिफारस केली आणि जुलै 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ, गुजरातेत गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा असे तीन. मंडळात पूर्ण सदस्यत्व मात्र प्रत्येक राज्यातून एका वेळी एकाच संघाला. ईशान्येकडच्या बहुतेक राज्यांना वर्षानुवर्षे पूर्ण सदस्यत्व मिळाले नव्हते, हे पाहता शिफारशीमागची न्यायबुद्धी खोटी नव्हती. पण ज्या संघांनी स्पर्धा घडवली त्यांनाच पाळीपाळीने दाराबाहेर उभे करणे विचित्र होते. 9 ऑगस्ट 2018 रोजी न्यायालयाने स्वतःच या निर्णयात दुरुस्ती केली आणि या संघांचे पूर्ण सदस्यत्व त्यांना परत मिळाले. त्यातले विदर्भ तर त्या आधीच्या हंगामात पहिल्यांदाच करंडक जिंकून बसले होते, आणि पुढच्याही हंगामात त्यांनी तो राखला. संस्थाने गेली, इलाखे गेले, भाषावार राज्ये आली, तरी संघांच्या हद्दी बव्हंशी जुन्याच राहिल्या. सवय हे याचे एक कारण आहे. दुसरे असे की या हद्दींमागे संस्था उभ्या आहेत. मैदान, निवड समित्या, स्थानिक लीग आणि नोकरी देणारी कार्यालये नकाशा बदलला म्हणून एका दिवसात दुसरीकडे हलत नाहीत.

आता कंपन्यांच्या नोकरीची जागा आयपीएलच्या पैशाने आणि हंगामापुरत्या करारांनी घेतली आहे, म्हणून हा सारा इतिहास संपला असे समजायचे कारण नाही. 2024-25 चा अंतिम सामना नागपूरला विदर्भ आणि केरळ यांच्यात झाला. विदर्भाने पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक नेला. विदर्भाकडून 86 आणि 135 धावा करणारा करुण नायर हा कर्नाटकातून आलेला, आणि समोर केरळसाठी फिरकी टाकत होता आदित्य सरवटे, जो नागपूरचा आणि विदर्भाच्या आधीच्या विजेत्या संघांतला. दोघे एकमेकांच्या जागी उभे राहिले असते तरी स्पर्धेच्या नियमांत काही बिघडले नसते. त्याच्या पुढच्याच हंगामात मुंबईत घडलेला पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडून खेळायला पुण्याला गेला. नव्वद वर्षे खेळाडू पुणे सोडून बडोदा, इंदूर, मुंबईकडे जात राहिले. घाट चढून उलट्या दिशेने जाणारे त्या मानाने फार थोडे, आणि अशी वर्दळ वाढली तरच महाराष्ट्र संघाच्या 1941 पासूनच्या प्रतीक्षेला काही अर्थ येईल.